मायरन पिडलुबनीचे तीन यार्ड

मायरन पिडलुबनीला कुणी मंद म्हटलं तर त्याला राग येत नसे. चाळीस यार्ड पळायला आपल्याला साडेपाच सेकंद लागतात, हे समोरच्याने विचारायच्या आधी तोच सांगून मोकळा व्हायचा. वर म्हणायचा, "पळायचंय कुणाला? माझं काम तीन यार्डांतलं. त्या तीन यार्डांत मला हरवून दाखवा."

ते तीन यार्ड म्हणजे बचावाच्या फळीचा मधोमध. आमच्याकडचा फुटबॉल हा हातात चेंडू घेऊन धडका मारत पुढे सरकायचा खेळ. लोकांचे डोळे असतात चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर, नाहीतर तो झेलायला पळणाऱ्यांवर. मध्ये माणसांच्या ज्या दोन भिंती एकमेकींवर आदळतात, त्यांच्याकडे त्या माणसांच्या आयांशिवाय कुणी बघत नाही. मायरन त्यांतल्या बचावाच्या भिंतीतला. समोरच्याने तीन डावांत दहा यार्ड सरकायचं, आणि मायरनने सांगायचं की इथून जमणार नाही.

तो वाढला कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या कनोरा गावात. वडील धान्याच्या कोठारावर कामाला, आई ओल्हा चर्चच्या सभागृहात लग्नांचा स्वयंपाक करायची. घरात सगळेच रुंद हाडाचे. शाळेत असल्यापासून मायरन मेट्रोकाकाच्या गुरांच्या बाजारात राबला. अरुंद बोळातून येणारी गुरं फाटकाशी उभं राहून निवडायची, कालवडी एका अंगाला, गोऱ्हे दुसऱ्या. सहाशे किलोचं जनावर धावून येतंय आणि आपल्या हातात एक लोखंडी फाटक. पहिल्याच हिवाळ्यात त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. काका बघायला आला तो सहानुभूती घेऊन नाही. म्हणाला, "डोक्याकडे कशाला बघतोस? डोकं फसवतं. खाली बघ. वजन कुठल्या पायावर टाकलंय ते बघ, म्हणजे कुठे सुटणार ते कळेल."

मायरनने हे फुटबॉलमध्ये आणलं. समोरचा गार्ड, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत धरणारा गडी, डाव सुरू होण्याआधी वाकून एक हात जमिनीला टेकतो. त्याची बोटं पांढरी पडली असतील तर वजन पुढे आहे. तो अंगावर येणार, चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून देणार. बोटं नुसती गवताला लागलेली असतील तर तो मागे सरणार, म्हणजे चेंडू फेकला जाणार. अमेरिकेत दोन्ही फळ्या नाकाला नाक लावून उभ्या राहतात. आमच्याकडे मध्ये एक यार्ड मोकळा सोडतात. बाकीच्यांना तो यार्ड जोर घ्यायला लागे. मायरनला तो बघायला लागे.

विद्यापीठातून बाहेर पडल्यावर सॅस्कटूनच्या ड्रोव्हर्स संघाने त्याला निवडलं ते शेवटच्या फेरीत, शेवटून तिसरा. जूनच्या सरावशिबिरात तो अठरा दिवस टिकला. एकोणिसाव्या दिवशी सकाळी निरोप आला, कोचनी बोलावलंय, डावांची वही घेऊन ये. वही मागितली की समजायचं.

कोच लँगस्टाफ बुटके, खरखरीत आवाजाचे आणि सरळ बोलणारे. त्यांनी गोड बोलून वेळ घालवला नाही. उंची कमी आहे, वजन कमी आहे, पाय मंद आहेत. मुलगा चांगला आहेस, घरी जा, दुसरं काही कर.

मायरनने वही टेबलावर ठेवली. "कोच, तुमच्या मधल्या दोघांपैकी एकाचा गुडघा आधीच गेलाय. तो लपवतोय. दुसरा उन्हात टिकत नाही. ऑगस्ट संपायच्या आत तुम्हाला मी लागणार."

"असं?"

"असंच. मी कनोराच्या गुरांच्या बाजारात असेन. ऑफिसचा नंबर मागच्या पानावर लिहिलाय."

लँगस्टाफनी मागचं पान उघडून नंबर बघितला. पुढे अनेक वर्षांनी ते सांगत, की इतकी माणसं घरी पाठवली, कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या, पण पत्ता देऊन गेलेला हा एकटाच.

फोन आला एकवीस ऑगस्टला, भर लिलावात. ऑफिसातल्या बाईंनी चिठ्ठी पुकारणाऱ्याच्या हातात दिली आणि त्याने त्याच दमात, त्याच सुरात, लाउडस्पीकरवर वाचून टाकली, की काळ्या गोऱ्ह्यांचा कळप अमुक भावाला गेला, आणि मायरन पिडलुबनीला सॅस्कटूनला बोलावलंय, आहे का कुणी त्याच्या वरचढ? सगळा बाजार हसला. मायरनने फाटकाची कडी घातली, हात धुतले आणि निघाला. त्या दिवशी गुरं तपासायला वायनयार्ड गावची एक तरुण जनावरांची डॉक्टर आली होती, कॉरीन सिगर्डसन नावाची. तिने शेजारच्याला विचारलं, हा कोण एवढा मोठा माणूस? शेजारचा म्हणाला, अजून कुणी नाही, पण त्याला स्वतःला तसं वाटत नाही.

पहिल्या सामन्यात त्याला दुसऱ्या सत्रात उतरवलं. समोरचा गार्ड त्याच्याहून चाळीस पौंडांनी जड. त्याने मायरनला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "तुला आईने सोडलं कसं रे घराबाहेर?" मायरन त्याची बोटं बघत होता. त्या संध्याकाळी त्याने तीन वेळा चेंडू घेतलेल्या गड्याला त्याच्याच हद्दीत मागे पाडलं, आणि शेवटी शेवटी तो गार्ड त्याच्याशी बोलायचा थांबला.

दुसऱ्या दिवशी लँगस्टाफनी त्याला एकट्याला बसवून सामन्याची फिल्म लावली. "हे बघ. चेंडू सुटायच्या आत तू त्या फटीत आहेस. वेळेआधी हललास?"

"नाही कोच. मला ठाऊक होतं."

"कसं?"

"बोटं."

लँगस्टाफनी फिल्म मागे घेऊन तीनदा बघितली. मग दिवा लावला आणि म्हणाले, "हे बाहेर कुठे बोलू नकोस. आणि ती वही परत घेऊन जा."

त्यानंतर त्याला कुणी वही मागितली नाही, पण चौथ्या वर्षी एक ठिणगी पडली. आमच्या संघांत ठरावीक जागा कॅनडाच्याच खेळाडूंच्या असतात, तसा नियम आहे. शहरातल्या एका वार्ताहराने लिहिलं, की पिडलुबनी खेळतो तो पासपोर्टाच्या जोरावर, नाहीतर त्या जागी कधीच एखादा अमेरिकन गडी आला असता. सरावानंतर दुसऱ्या एकाने त्याला त्यावर काय वाटतं ते विचारलं. मायरन टॉवेलने मान पुसत होता. म्हणाला, "लिहिलंय ते खरं आहे. त्या नियमाने मला दार उघडून दिलं. आत येऊन कडी लावली ती मी." त्या वर्षी क्लबने खरंच जॉर्जियाहून एक धिप्पाड गडी आणला. तो मायरनच्या जागी नव्हे, त्याच्या शेजारी खेळला, आणि दोघांचं छान जमलं.

पण मायरनचा खरा जोडीदार समोरच्या फळीत होता. वेन्डेल टीसन, मॅनिटोबा प्रांतातल्या मेनोनाइटांच्या, म्हणजे साध्या राहणीच्या एका ख्रिस्ती पंथाच्या, वस्तीतला. सहा फूट पाच इंच, तोंडात कधी शिवी नाही, जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करणार आणि मग तीन माणसांचं खाणार. तो ड्रोव्हर्सचा डावा गार्ड, म्हणजे सरावात रोज मायरनच्या समोर. दौऱ्यावर दोघं एकाच खोलीत. दोन वर्षं वेन्डेल रोज सकाळी त्याच्याकडून हरला, आणि एक दिवस नाश्त्याच्या टेबलावर त्याने चमचा खाली ठेवला.

"मायरन, लेका, तुला कुणी आमचे डाव सांगतं का?"

"तूच सांगतोस."

"मी?"

मायरनने टेबलावर हात टेकून दाखवला. आधी जोर देऊन, मग हलका. वेन्डेल स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला, चोरी पकडली गेल्यासारखा. मायरनने ते का सांगितलं, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. लँगस्टाफ तर चिडलेच. मायरनचा हिशेब सरळ होता. रोज सकाळी ज्याला सहज हरवतो त्याच्याकडून काय शिकणार? वेन्डेलने हिवाळाभर खपून हात बदलला, कुठलाही डाव असो, बोटं सारखीच. मग मायरनला खांदा बघावा लागला. वेन्डेलने खांदा लपवला. मग टाच. असं पाच वर्षं चाललं, आणि त्या पाच वर्षांत दोघंही आपापल्या जागी देशात पहिल्या पाचांत गणले गेले. मायरन आणि कॉरीनच्या लग्नात वेन्डेल एका बाकावर बसला तेव्हा त्या बाकावर दुसरं कुणी बसू शकलं नाही. ओल्हाने त्याला पानकोबीचे भात भरलेले रोल वाढले, मोजायचं थांबवलं, आणि असा मुलगा देवाने सगळ्यांना द्यावा म्हणाली.

नवव्या हंगामाआधी क्लबने वेन्डेलला अल्बर्टातल्या लेथब्रिजच्या संघाला दिलं. आमच्या खेळात हे असंच. माणूस सकाळी एका गावचा, दुपारी दुसऱ्या. वेन्डेलने खोलीतली बॅग भरली, मायरनशी हात मिळवला आणि म्हणाला, "आता तुझ्याबद्दल मला जे जे माहीत आहे ते सगळं वापरणार बरं."

"वापर की. मग मी काय तुझ्यासाठी प्रार्थना करू?"

"करत जा. तुला सवय नाही, पण करत जा."

त्या वर्षी नोव्हेंबरात पश्चिम विभागाचा अंतिम सामना लागला तो सॅस्कटून आणि लेथब्रिजचाच. रविवार दुपार, उणे एकोणीस. मैदान लाकडासारखं टणक. लोक जाडजूड पार्का कोट, गोधड्या, थर्मास घेऊन आलेले, आणि उत्तरेकडच्या स्टँडातले दहाबारा वेडे छाती उघडी टाकून नाचत होते. कॉरीन ओल्हाला घेऊन मधल्या रांगेत बसली होती. मायरनचा डावा गुडघा त्या वर्षी दोनदा सुजला होता. सकाळी पट्टी बांधताना कॉरीन म्हणाली, "तू बैल असतास तर मी तुला मागच्याच वर्षी विकायला सांगितलं असतं."

"आणि गिऱ्हाईक?"

"मिळालं असतं. वजन चांगलं आहे."

सामनाभर मायरन आणि वेन्डेल एकमेकांवर आदळत राहिले. कधी हा, कधी तो. मायरनला वाचायला काही मिळत नव्हतं. हात सारखा, खांदा सारखा, टाच सारखी. चांगलं शिकवलंय मी, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला त्याही स्थितीत बरं वाटलं.

चौथ्या सत्रात दीड मिनिट उरलं तेव्हा ड्रोव्हर्सचे बावीस, लेथब्रिजचे अठरा. चेंडू लेथब्रिजकडे, ड्रोव्हर्सच्या गोलरेषेपासून आठ यार्डांवर. तिसरा, म्हणजे शेवटचा डाव, तीन यार्ड हवेत. लाथ मारून तीन गुण घेतले तरी ते मागेच राहणार, म्हणजे हा डाव खेळायचाच. आणि तीन यार्ड हवे असले की शंभरांतले नव्वद क्वार्टरबॅक चेंडू फेकतात. ड्रोव्हर्सच्या सगळ्या फळीला हुकूम होता, की डाव सुटताच क्वार्टरबॅकवर तुटून पडायचं.

मायरन खाली वाकला. वेन्डेल समोर. बोटं गवताला नुसती टेकलेली, अगदी हलकी, जुन्या काळासारखी. वजन मागे. फेकणार, असं ती बोटं सांगत होती.

हात बदलल्यापासून वेन्डेलने त्याच्यासमोर एवढी उघड चूक केली नव्हती. मायरनने नजर वर नेली. त्या थंडीत प्रत्येकाच्या तोंडातून वाफेचा लोट येत होता. लेथब्रिजच्या फळीत पाच माणसं, वाफेचे चार ढग. वेन्डेलच्या हेल्मेटच्या जाळीतून काही येत नव्हतं.

मायरन त्याच्यासोबत दौऱ्यावर सात वर्षं पत्ते खेळला होता. वेन्डेल टीसनला खोटं बोलता येत नसे. हातात भिकार पानं घेऊन चांगली असल्याचा आव आणायची वेळ आली, की तो श्वास रोखून धरायचा, आणि कान लाल होईपर्यंत सोडायचा नाही.

म्हणजे बोटं खोटी होती. फेकणार नव्हते. सगळी बचावाची फळी क्वार्टरबॅकवर धावली, की तिने मोकळ्या केलेल्या मधल्या वाटेतून चेंडू घेऊन पळणार होते. आणि ती वाट मायरनच्या जागेवरून जात होती.

हुकूम मोडायला त्याला अर्धा सेकंद होता. चेंडू चुकून फेकला गेला असता आणि सामना गेला असता, तर एकटाच जागेवर उभा राहिलेला माणूस म्हणून तो उरलेलं आयुष्य ओळखला गेला असता. हे त्याला कळत होतं. पण काळजी वाटली नाही, कारण त्याला ठाऊक होतं.

चेंडू सुटला. दोन्ही बाजूंचे गडी पुढे धावले. वेन्डेल मागे सरल्याचं नाटक करून एका पावलावर थांबला आणि मायरन आपल्या बाजूने धावत जाईल म्हणून त्याला बाहेर ढकलायला वळला. मायरन जागेवरच होता. वेन्डेलचे डोळे जाळीतून मोठे झालेले त्याने बघितले. मग त्याने वेन्डेलचा आतला हात झटकला, खांदा घातला आणि फटीत उभा राहिला. चेंडू घेतलेला गडी मान खाली घालून पूर्ण वेगात आला तो सरळ मायरनच्या छातीवर. दोघं आदळले त्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. गडी मागे गेला, मायरन त्याच्यावर. तीन यार्ड पुढे यायच्या ऐवजी तो एक यार्ड मागे पडला होता.

मायरन उठला तेव्हा गुडघा ठणकत होता आणि चाळीस हजार लोक उभे होते. ओल्हा मात्र खालीच बसलेली. तिने कॉरीनला विचारलं, की हा आता उठला ना, मग पुरे, घरी कधी जायचं?

सामना संपल्यावर वेन्डेल मैदानाच्या मध्यावर त्याची वाट बघत थांबला होता. हेल्मेट काखेत, दाढीवर बर्फ. दोघांनी मिठी मारली, ती म्हणजे दोन कोठारं एकमेकांना टेकावीत तशी. वेन्डेल म्हणाला, की तो डाव त्याने स्वतः सुचवला होता. आठवडाभर त्याचा सराव केला होता, खास मायरनसाठी.

"बोटं चांगली होती," मायरन म्हणाला. "मी जवळजवळ गेलो होतो."

"मग?"

"श्वास घ्यायला विसरलास."

वेन्डेलने दाढीवरचा बर्फ पुसला. मग त्याचे कान लाल झाले, आणि त्याच्या तोंडून आयुष्यातली पहिली शिवी बाहेर पडली, फारशी मोठी नाही, पण मायरनला तिचा अभिमान वाटला. मायरन म्हणाला, "चल, आईने गाडीत डबा आणलाय. तुझ्या वाटणीचा वेगळा भरलाय. तू हरणार हे तिला माहीत होतं."

पुढच्या रविवारी ग्रे कपच्या, म्हणजे देशाच्या अजिंक्यपदाच्या, अंतिम सामन्यात ड्रोव्हर्स एका गुणाने हरले. मायरन चांगला खेळला, आणि तरी हरले. लोकांना वाटलं तो खचेल. त्याने दोन दिवस झोप काढली, तिसऱ्या दिवशी कॉरीनबरोबर वासरांना लस टोचायला गेला.

तो आणखी तीन हंगाम खेळला. पुढच्या दोन वर्षांत त्याचे पाय अजून मंद झाले आणि डोळे अजून तल्लख, त्यामुळे बेरीज तीच राहिली. बाराव्या हंगामात मात्र एका सप्टेंबरात त्याच्या लक्षात आलं, की समोरचा काय करणार ते त्याला कळतंय, वेळेवर कळतंय, पण गुडघा तिथे अर्धं पाऊल उशिरा पोचतोय. त्याने कुणाला सांगितलं नाही. त्या वर्षाचे उरलेले सामने त्याने खेळून काढले, एकही चुकवला नाही, आणि शेवटच्या सामन्यानंतर अंघोळ करून, केस विंचरून लँगस्टाफकडे गेला.

"कोच, मी थांबतोय."

"कुणी सांगितलं थांबायला? मी नाही सांगितलं."

"तुम्ही सांगायच्या आधी मला कळलं."

लँगस्टाफनी चष्मा काढला. पुढच्या वर्षी फळीचा सहायक कोच म्हणून ये, असं ते म्हणाले. मायरनने आभार मानले आणि विचार करतो म्हणाला. विचार त्याने केला, आणि दोन वर्षांनी तो आलाही. पण मधली दोन वर्षं त्याला हवी होती.

त्याचं कारण मे महिना. शिबिरं आणि त्यांची तयारी यांत मायरनने पंधरा वर्षांत एक मे घरी काढला नव्हता. त्या वर्षी तो वायनयार्डला सासऱ्यांच्या शेतावर पेरणीला गेला. आयनार सिगर्डसन म्हणजे दिवसाला वीस शब्द बोलणारा माणूस. त्यांनी जावयाला ट्रॅक्टरवर बसवलं, मागे साठ फुटी पेरणीयंत्र जोडलं, आणि लांब क्षितिजावर दिसणाऱ्या एका खांबाकडे बोट दाखवून त्यावर नजर ठेवायला सांगितलं.

मायरनने नजर ठेवली. माती काळी होती, वास ओला होता, आणि सकाळपासून कुणीही त्याच्यावर धावून आलं नव्हतं. बांधाला पोचून त्याने वळून बघितलं. रेघ नांगी मोडलेल्या विंचवासारखी गेली होती. कॉरीन ट्रकच्या टपावर बसून सँडविच खात होती, तिने तोंडावर हात धरला. आयनार शांतपणे येऊन उभे राहिले, रेघेकडे बघितलं, जावयाकडे बघितलं.

"वाकडी आहे," ते म्हणाले.

"आहे," मायरन म्हणाला. "संध्याकाळपर्यंत सरळ करून दाखवतो."

आणि त्याने गिअर टाकला.